जेलवर चमकतो तो डीएनए नव्हेच

एमएससीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या निम्म्या मुलांना डीएनए निळा असतो असं वाटतं. त्यात त्यांचा दोष नाही. जेल म्हणजे अ‍ॅगरोजची पातळ वडी; तिच्यातून करंट सोडला की डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे होतात, छोटे पुढं, मोठे मागं. सॅम्पलमध्ये लोडिंग डाय नावाचा रंग मिसळायचा, पिपेटनं वेलमध्ये, म्हणजे जेलच्या खाचेत सोडायचं आणि करंट चालू केला की निळी रेघ हळूहळू खाली सरकायला लागते. लगेच फोन बाहेर येतात, फोटो निघतात, स्टेटसला 'माझा पहिला डीएनए' लागतो. त्या निळ्या ब्रोमोफेनॉल ब्लूचा डीएनएशी काडीचा संबंध नसतो. तो ना त्याला चिकटतो, ना त्याच्याबरोबर जातो. एक टक्का अ‍ॅगरोजमध्ये तो साधारण ३०० बेसजोड्यांच्या (डीएनएच्या गोल जिन्याच्या ३०० पायऱ्यांच्या) तुकड्याच्या वेगानं पळतो, एवढंच. जेल कुठवर आलं ते कळावं आणि करंट वेळेवर बंद करता यावा म्हणून तो घातलेला असतो.

दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत हा समज जातो आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसतो. तो मात्र चिवट. यूव्हीखाली नारिंगी चमकतो तो डीएनए, असं पोरं म्हणायला लागतात आणि पुढं पीएचडी झाली तरी म्हणत राहतात. डीएनए चमकत नाही. दिसणाऱ्या प्रकाशात तो रंगहीन, आणि यूव्हीखालीही आपल्या डोळ्यांना जवळजवळ अंधारच. चमकतो तो इथिडियम ब्रोमाइड नावाचा रंग, डीएनएच्या पोटात शिरलेला. आणि पोटात शिरलेला पाहुणा घर होतं तसं ठेवत नाही. मी साताऱ्यात बायोटेकच्या मुलांची मॉलिक्युलर बायोलॉजीची प्रॅक्टिकल्स घेते. सगळ्या प्रॅक्टिकल्समध्ये मला कुठली एक गोष्ट मुलांच्या डोक्यात ठोकून बसवावीशी वाटत असेल, तर ती ही.

डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये बेसच्या जोड्या एकावर एक सपाट रचलेल्या असतात. दोन जोड्यांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर. इथिडियमचा रेणूही सपाट, तीन कड्यांचा, वर धनभार. डीएनएचा कणा ऋणभारित, त्यामुळे ओढ आधीपासूनच असते. हा रेणू दोन जोड्यांच्या मधे आडवा घुसतो. पण तिथं जागा नसते, म्हणून जोड्या एकमेकींपासून सरकतात. ०.३४ चं अंतर जवळपास दुप्पट होतं आणि ते साधायचं तर त्या ठिकाणचा पीळ उलगडावा लागतो. एरवी एका जोडीपासून पुढच्या जोडीपर्यंत जिना ३४ ते ३६ अंशांनी वळतो. इथिडियम शिरलेल्या जागी त्यातले २६ अंश जातात, म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश वळण संपतं. एका फटीत रंग शिरला की शेजारची फट तो सहसा घेत नाही. त्यामुळे कितीही रंग ओता, फार तर दर दोन जोड्यांमागे एक रेणू बसतो.

आता चमक का येते ते बघू. इथिडियम पाण्यात नुसता असतो तेव्हाही यूव्ही शोषतो, पण ती ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर टाकायच्या आत पाण्याला देऊन मोकळा होतो. उत्तेजित अवस्थेत त्याच्या अमिनो गटावरचा प्रोटॉन पाण्याच्या रेणूकडे जातो आणि दिवा विझतो. जॉन ओल्मस्टेड आणि डेव्हिड कर्न्स यांनी १९७७ मध्ये हे दाखवून दिलं. उत्तेजित अवस्था पाण्यात सुमारे १.८ नॅनोसेकंद टिकते, तर बेसजोड्यांच्या आड, पाण्यापासून दूर बसल्यावर २२ नॅनोसेकंदांच्या आसपास. चमक वीस-पंचवीस पटींनी वाढते. म्हणजे आपण जेलवर बघतो ती प्रत्यक्षात पाण्यापासून लपलेल्या रंगाची खूण असते.

हे एकदा नीट बघावं असं मी मुलांना सांगते. आमची यूव्हीची खोली म्हणजे जुनं स्टोअर, खिडकीला काळा कागद लावलेला. ट्रान्सइल्युमिनेटरच्या, म्हणजे यूव्ही दिव्याच्या पेटीच्या काचेवर जेल सरकवताना खाली बफरचा थर राहतो आणि जेल हातातून निसटायला बघतं. झाकण लावून स्विच दाबला की आधी सगळं जेलच मंद गुलाबी-नारिंगी दिसतं. तो मोकळा रंग. मग डोळे सरावले की बँडा, म्हणजे डीएनएच्या तुकड्यांचे पट्टे, उठून येतात, कडेला लॅडरची, म्हणजे माहीत लांबीच्या तुकड्यांची शिडी, वेलच्या तोंडाशी अडकलेला जीनोमिक डीएनएचा चुरा. पार्श्वभूमीची ती मंद झाक आणि बँडेची झळाळी यांच्यातला फरक म्हणजेच ते वीस-पंचवीस पट. झाक फार वाटली तर एक मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेटमध्ये जेल थोडा वेळ ठेवायचं, मोकळा रंग निघून जातो.

आता पाहुण्याच्या उपद्व्यापांकडे.

टोपोआयसोमरेजचं प्रॅक्टिकल आलं की कुठल्यातरी बेंचवरून हाक येतेच, "मॅडम, एन्झाइम मेलंय!" प्रॅक्टिकल साधं आहे. पीयूसी१९ नावाचा प्लाझमिड घ्यायचा. २६८६ बेसजोड्यांचं बंद वर्तुळ, बॅक्टेरियातून काढलेलं, म्हणून आतून पीळदार. टोपोआयसोमरेज वन हे एन्झाइम एक धागा कापतं, पीळ सुटू देतं आणि पुन्हा जोडतं. पीळदार वर्तुळ आवळलेलं असतं म्हणून जेलमधून झपाझप पुढं जातं, पीळ गेलेलं वर्तुळ फोफसं होतं आणि मागं रेंगाळतं. तेव्हा एन्झाइम घातलेल्या लेनमध्ये बँड मागं राहायला हवी. पण पोरांनी नेहमीच्या सवयीनं जेल ओततानाच त्यात इथिडियम घातलेलं असतं, आणि फोटोत एन्झाइम घातलेली आणि न घातलेली, दोन्ही बँडा पुढंच, जवळजवळ एका रेषेत. निष्कर्ष ठरलेला: किट जुनं, फ्रीजची लाईट गेली होती, एन्झाइम मेलं.

एन्झाइम ठणठणीत असतं. मी तीच सॅम्पल्स रंग न घातलेल्या जेलमध्ये पुन्हा चालवायला लावते आणि जेल संपल्यावर रंगवायला सांगते. आता एन्झाइमवाली बँड मागं असते, एक धागा तुटलेल्या वर्तुळाच्या शेजारी, कधी तिथं बारीक बारीक पायऱ्यांची शिडीही दिसते. डीएनए तोच, ट्यूब तीच, फक्त रंग कधी घातला एवढाच फरक.

कारण असं. वर्तुळ बंद असलं आणि दोन्ही धागे अखंड असले, की एक धागा दुसऱ्याभोवती एकूण किती वेळा गुंफलाय तो आकडा धागा कापल्याशिवाय बदलता येत नाही. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, तो हाच पीळ. इथिडियम आत शिरून जिन्याची वळणं सोडवतो, पण एकूण आकडा तर तोच राहायला हवा. मग सोडवलेला पीळ जातो कुठं? सबंध वर्तुळच उलट्या दिशेनं आवळून घेतं. एन्झाइमनं मोकळं केलेलं वर्तुळ जेलमधल्या रंगामुळे पुन्हा आवळलं जातं आणि पुढं धावतं. धागा तुटलेलं वर्तुळ मात्र मागंच राहतं, कारण त्या तुटीपाशी धागा गरकन फिरून सगळा ताण सोडून देतो. रंगाच्या जेलमध्ये तुटलेलं आणि सैल झालेलं यांच्यात फरक दिसतो, बिनरंगाच्या जेलमध्ये सैल आणि पीळदार यांच्यात. दोन्ही जेलं खरं बोलतात, पण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

मी फळ्यावर हिशेब मांडते, कारण आकडे घातले की पोरं सावरून बसतात. २६८६ जोड्या, एका फेऱ्याला साडेदहा जोड्या, म्हणजे जिन्याचे साधारण २५६ फेरे. बॅक्टेरियातल्या प्लाझमिडला सुमारे सहा टक्के फेरे कमी असतात, म्हणजे पंधरा; वर्तुळाचा पीळ येतो तो या तुटीमुळेच. एका इथिडियमनं २६ अंश सुटतात, तेव्हा पंधरा फेऱ्यांचे ५४०० अंश भरून काढायला लागणारे रेणू साधारण २०८. म्हणजे दर तेरा जोड्यांमागे एक रंगाचा रेणू बसला की प्लाझमिडचा मूळचा पीळ शून्यावर येतो. तेरा जोड्यांमागे एक! जास्तीत जास्त बसू शकतात त्याच्या सहावा हिस्सा. म्हणजे जरासा रंग घातला तर पीळदार वर्तुळ सैल पडून मागं रेंगाळतं, आणखी घातला तर पलीकडच्या दिशेनं आवळून पुन्हा पुढं पळतं. एकच प्लाझमिड निरनिराळ्या डोसांच्या जेलांत चालवला तर बँड आधी मागं आणि मग पुढं जाताना दिसते. माझ्या मते एमएससीच्या दोन वर्षांत बघण्यासारखं याहून सुंदर काही नाही, पण अभ्यासक्रमात ते नाही.

यातला २६ हा आकडा सहजासहजी मिळालेला नाही. १९६०च्या दशकात मॉडेल बांधून काढलेला कोन होता १२ अंश, आणि जगभर तो धरून प्लाझमिडांचे फेरे मोजले जात होते. पद्धत वरचीच: पीळ शून्यावर यायला किती रंग लागला ते मोजायचं आणि कोनानं गुणायचं. मग १९७४ मध्ये जेम्स वँग यांनी तो कोन २६ अंश असल्याचं दाखवलं. टोपोआयसोमरेज पहिल्यांदा शोधून काढणारे वँग तेच. एका पेपरनं तोवर छापलेले पिळाचे सगळे आकडे दुपटीहून जास्त झाले. डीएनए कुणीच बदलला नव्हता, मोजपट्टीची खूण सरकली होती आणि मोजपट्टी होती रंगाची.

आमच्या वेळी, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या शेवटी, हा पीळ प्लाझमिड शुद्ध करायलाही कामी यायचा. आजच्या मुलांना स्पिन कॉलमशिवाय, म्हणजे डीएनए गाळून घ्यायच्या तयार नळीशिवाय, काही ठाऊक नाही. सीझियम क्लोराईडच्या द्रावणात डीएनए आणि भरपूर इथिडियम घालून अल्ट्रासेंट्रिफ्यूज रात्रभर फिरवायचा. रंग शिरला की डीएनएची घनता कमी होते. तुकडा झालेल्या डीएनएत रंग हवा तेवढा शिरतो, बंद वर्तुळात मात्र उलट पीळ चढत जातो तसा रंगाला शिरायला ताण पडतो, म्हणून तिथं कमी शिरतो आणि ते जड राहतं. सकाळी नळीत दोन कडी दिसायची, वरचं क्रोमोझोमच्या तुकड्यांचं, खालचं प्लाझमिडचं. नळीच्या कडेला सुई टोचून खालचं कडं ओढून घ्यायचं. कॅलटेकमध्ये रॅडलॉफ, बॉअर आणि जेरोम विनोग्राड यांनी १९६७ मध्ये ही युक्ती काढली आणि हेला या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींतला वर्तुळाकार डीएनए याच तऱ्हेनं वेगळा केला. मग रंग काढायला ब्युटेनॉल घालून हलवायचं. वरचा थर गुलाबी होत जायचा, खालचा फिका पडत जायचा, आणि खालचा पार पांढरा होईस्तोवर पुन्हा पुन्हा ते करायचं. नको असलेल्या पाहुण्याला घराबाहेर काढायला किती कष्ट पडतात ते तेव्हा हाताला कळायचं.

हा पाहुणा मुळात लॅबचा नव्हेच. होमिडियम या नावानं इथिडियम १९५०च्या दशकापासून आफ्रिकेत गुरांना टोचलं जात आलंय. त्से त्से माशी चावून होणाऱ्या नगाना रोगावरचं ते औषध. डोस किलोमागे साधारण एक मिलिग्रॅम. ३०० किलोच्या गाईला ३०० मिलिग्रॅम. आमच्या ५० मिलिलिटरच्या जेलात दर मिलिलिटरला अर्धा मायक्रोग्रॅम या दरानं २५ मायक्रोग्रॅम असतं. बारा हजार जेलांचा रंग एका गाईला! हा हिशेब सांगितला की इथिडियमच्या बाटलीकडं वाघाकडं बघावं तसं बघणारी पोरं जरा सैलावतात. लगेच मी त्यांना दुसरी बाजूही सांगते. यकृताच्या एन्झाइमांबरोबर मिसळून बॅक्टेरियांवर तपासलं की इथिडियम जोरदार म्युटाजेन, म्हणजे जनुकांत बदल घडवणारं, ठरतं. आणि आपण बेंचवर वापरतो तो साठा दर मिलिलिटरला दहा मिलिग्रॅमचा, जेलच्या वीस हजार पट. तेव्हा नायट्राइलचे ग्लोव्ह्ज घाला, आणि तेच ग्लोव्ह्ज घालून दाराची कडी धरू नका. या कडीपायी मी जितका घसा कोरडा केलाय तितका इतर कशासाठी नाही.

या घराण्यातले बहुतेक रंग असेच औषधांच्या दुकानातून आलेले आहेत. पेशीचं केंद्रक निळं रंगवणाऱ्या डापीचा जन्म १९७१ मध्ये ओटो डान यांच्या प्रयोगशाळेत, तोही ट्रायपॅनोसोमवरचं, म्हणजे नगानासारखे रोग करणाऱ्या परजीवींवरचं औषध शोधताना. क्रोमोझोमांवरचे चमकते पट्टे टॉर्बयोर्न कास्पर्सन यांनी स्वीडनमध्ये पहिल्यांदा दाखवले ते क्विनाक्रिन मस्टर्ड वापरून, आणि क्विनाक्रिन हे दुसऱ्या महायुद्धातलं मलेरियाचं औषध. पिवळं प्रोफ्लेव्हिन हे जखमांवरचं जंतुनाशक. लिओनार्ड लर्मन यांनी १९६१ मध्ये अशाच अ‍ॅक्रिडिन रंगांवर काम करून पहिल्यांदा म्हटलं की हे रेणू बेसजोड्यांच्या मधे शिरतात. डीएनएचं द्रावण रंग घातल्यावर जास्त चिकट होतं, सेंट्रिफ्यूजमध्ये तो हळू बसतो, म्हणजे रेणू लांब आणि ताठ झालाय, असा त्यांचा तर्क. आणि त्याच वर्षाच्या शेवटी क्रिक, ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी प्रोफ्लेव्हिननं घडवलेली म्युटेशनं वापरून जनुकाची भाषा तीन-तीन अक्षरांची असते हे दाखवलं. रंग मधे घुसला की नक्कल करताना एखादं अक्षर जास्त पडतं किंवा गळतं आणि पुढचं सगळं वाचन सरकतं. एकाच दिशेची अशी तीन म्युटेशनं एकत्र आली की वाचन पुन्हा रुळावर येतं. रंगाच्या खोडीनंच जेनेटिक कोड उलगडायला हात दिला.

आपल्या घरात भाजल्यावर लावायची पिवळी बर्नॉलची ट्यूब असायची, कपड्यांना लागली की डाग जायचा नाही. त्यातलं अमिनाक्रिन हेही अ‍ॅक्रिडिनच, त्याच सपाट तीन कड्यांचं. पोरांना हे सांगितलं की वर्गात कुजबुज सुरू होते. घाबरायचं काही नाही, कातडीवर चोपडलेलं मलम आणि पेशीच्या केंद्रकात पोचलेला रंग यांत फार फरक आहे. पण रंग, औषध आणि विष अशी तीन वेगळी कपाटं डोक्यात असतात, ती एकदा तरी एकत्र उघडलेली बरी. केमोथेरपीत नसेतून देतात ते लालभडक डॉक्सोरुबिसिनही डीएनएमध्ये असंच शिरतं, आणि स्वतःच नारिंगी चमकतं. माझ्या मावशीला ते चढवत होते तेव्हा सलाईनच्या नळीतून उतरणारा तो लाल रंग बघून मला पहिल्यांदा आठवली ती यूव्हीची खोली. मावशीला अर्थातच काही बोलले नाही.

जेलमधल्या इथिडियमचा अजून एक खोडसाळपणा आहे. डीएनए ऋणभारित, तो धन टोकाकडं पळतो. इथिडियम धनभारित, ते उलट्या दिशेनं. जेल लांबवर चालवलं की खालच्या भागातला मोकळा रंग वर निघून जातो, आणि छोटे तुकडे तर खालीच असतात. मग शंभर-दीडशे जोड्यांची बँड फिकी दिसते आणि पोरं लिहितात 'प्रॉडक्ट कमी आलं'. शिवाय रंग शिरल्यानं सरळ डीएनएचा वेगही पंधराएक टक्क्यांनी घटतो. आकार नेमका मोजायचा असेल तर जेल बिनरंगाचं चालवा, नंतर रंगवा. वेळ लागतो, पण फोटो खोटं बोलत नाही. जर्नलमध्ये फोटोखाली मी एक ओळ लिहायला लावतेच: कोणता रंग, किती, आणि जेलमध्ये की नंतर. ती नसेल तर सही नाही.

क्यूपीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती काढता काढता त्या मोजायच्या पद्धतीत, हाच खेळ वेगळ्या रंगानं चालतो. कोविडच्या दोन वर्षांत 'सीटी व्हॅल्यू' हा शब्द आमच्या भाजीवाल्यालाही पाठ झाला होता. त्या तपासण्यांत बहुतेक ठिकाणी ठरावीक क्रमालाच चिकटणारे प्रोब असायचे, पण कॉलेजच्या बजेटात बसतो तो सायबर ग्रीन. सुटा असताना जवळपास काळोख, दोन धाग्यांच्या डीएनएला चिकटला की हजारपटीनं चमकतो. पण तो माणूस ओळखत नाही, दोन धागे दिसले की चिकटतो, मग ते तुमचं प्रॉडक्ट असो की प्रायमर-डायमरचा, म्हणजे प्रती सुरू करणारे छोटे तुकडे एकमेकांनाच चिकटून झालेला कचरा. म्हणून शेवटी तापमान वाढवत नेऊन वितळण्याची, म्हणजे दोन धागे सुटे होण्याची रेघ बघायची. रंग जास्त झाला तर तो दोन्ही धाग्यांना इतकं धरून ठेवतो की वितळण्याचं तापमान वर सरकतं आणि पीसीआरच दबतो. यावर एवढंच.

मायक्रोस्कोपखालचे निळे रंग, डापी आणि होक्स्ट, जोड्यांच्या मधे शिरत नाहीत. ते जिन्याच्या अरुंद खाचेत लांबीनं बसतात, आणि खास करून जिथं ए-टी जोड्या (बेसच्या जोड्या दोनच प्रकारच्या, ए-टी आणि जी-सी) ओळीनं आहेत तिथं. जी-सीच्या जोडीत ग्वानिनचा एक अमिनो गट नेमका त्या खाचेत डोकावतो आणि आडवा येतो. त्यामुळे उंदराच्या केंद्रकावर डापी टाकलं की काही ठिपके लखलखतात, कारण सेंट्रोमियरपाशी, म्हणजे क्रोमोझोमच्या कमरेपाशी, ए-टीनं भरलेला पुनरावृत्त डीएनए एकत्र गोळा झालेला असतो. मुलं लिहितात 'इथं डीएनए जास्त आहे'. तिथं डीएनए दाटीनं आहे हे खरं, पण झळाळीचा मोठा वाटा डापीच्या आवडीचा आहे. आणि होक्स्ट ३३३४२ जिवंत पेशीत शिरतं म्हणून सगळ्यांना आवडतं, पण त्यावर यूव्हीचा झोत मारत तासन् तास पेशीचं विभाजन बघत बसलात तर त्या पेशी वागतील कशा? नुसत्या बघितल्यानं बिचकलेल्या पेशींचे व्हिडिओ मी बरेच पाहिलेत.

एकट्या रेणूवर काम करणाऱ्यांना तर हा हिशेब टाळताच येत नाही. लॅम्डा फाज या बॅक्टेरियांवरच्या विषाणूचा डीएनए ४८,५०२ जोड्यांचा, म्हणजे ताणून धरला तर साडेसोळा मायक्रोमीटर. १९९४ मध्ये स्टॅनफर्डला थॉमस पर्किन्स, डग्लस स्मिथ आणि स्टीव्हन चू यांनी अशा रेणूच्या टोकाला मणी बांधून, लेसरनं तो धरून ओढला आणि सोडल्यावर आकसताना पाहिला. दिसायला रंग हवा, असाच एक रंग योयो, एका रेणूत दोन शिरणारी अंगं असलेला. चार-पाच जोड्यांमागे एक योयो बसला की तोच लॅम्डा २१-२२ मायक्रोमीटरचा होतो. जिथं लांबीच मोजायची तिथं रंगानं लांबी तिसऱ्या हिश्श्यानं वाढवून ठेवली. तेव्हा आपण मोजतोय तो रंगवलेला रेणू हे आधीच मान्य करावं लागतं. किंवा रंग कमी कमी करत मोजायचं आणि रेघ शून्यापर्यंत लांबवून मूळ लांबी काढायची. त्यात प्रकाशाचा मारा झाला की योयोपासून ऑक्सिजनचे आक्रमक रेणू तयार होतात आणि धागा बघता बघता तुटतो. म्हणून द्रावणात ग्लुकोज ऑक्सिडेज आणि कॅटलेज घालून ऑक्सिजनच काढून टाकतात.

आमच्या जेलमध्येही प्रकाशाचा असा फटका बसतोच. क्लोनिंगसाठी, म्हणजे तो तुकडा प्लाझमिडमध्ये जोडून बॅक्टेरियात वाढवायला, बँड कापायची असेल तर यूव्हीवर रमतगमत ब्लेड चालवू नका. ३०२ नॅनोमीटरच्या यूव्हीत शेजारशेजारची थायमिनं एकमेकांना चिकटतात, मग बॅक्टेरियाच्या कॉलन्या येत नाहीत आणि तुकडे जोडणाऱ्या लायगेज एन्झाइमला शिव्या बसतात.

मग 'सेफ' रंग घ्या ना मॅडम, असं सेल्समन गेली काही वर्षं सांगतोय. निळ्या दिव्याखाली चालणारे सायबर सेफसारखे रंग घेतल्यापासून यूव्हीचा त्रास गेला, हे मान्य. पण 'सेफ' म्हणजे काय ते वाचा. जेलरेड म्हणजे दोन इथिडियम मधल्या साखळीनं जोडलेले. रेणू एवढा मोठा की पेशीच्या पापुद्र्यातून सहज आत जात नाही, सुरक्षितता ती. डीएनएला तो इथिडियमइतकाच, किंबहुना जास्त घट्ट धरतो. म्हणूनच जेलमध्येच घातला आणि डीएनए जरा जास्त भरला की लॅडर पसरते, बँडा वाकड्या होतात, वजन चुकतं. मी तोही नंतर रंगवायलाच लावते. डीएनएला धरणारा पण डीएनएला काहीच न करणारा रंग मला अजून कुणी दाखवलेला नाही, आणि सेल्समनला मी हे सांगितलं की तो कॅटलॉगची पुढची पानं उलटतो.

आमच्या लॅबमधले मामा मात्र मुळावर बोट ठेवतात. नव्या रंगाचं पाणी पहिल्यांदा निघालं तेव्हा भांडं हातात धरून त्यांनी विचारलं, "मॅडम, हे सेफ म्हणत्यात, मग बेसिनमध्ये टाकू का?" मी नाही म्हटलं. इथिडियमच्या पाण्यासारखंच तेही अ‍ॅक्टिव्हेटेड कोळशाच्या डब्यात ओतायचं, रात्रभर ठेवायचं, मग गाळायचं. कोळसा जाड पिशवीत बांधून घातक कचऱ्याच्या गाडीत जातो. ब्लीच घालून रंग उडवू नका, रंग गेलेला दिसतो पण उरतं ते निरुपद्रवी असतंच असं नाही. मामांनी डब्यावर स्केचपेननं लिहून टाकलं: 'सगळे रंग इथेच'.